मानकात बसणारी बादली

माणसाची पारख त्याच्या जेवणाच्या ताटावरून आणि कारखान्याची पारख त्याच्या गटारावरून करावी, असं जाणते लोक सांगून गेले आहेत. (कोणते जाणते, ते विचारू नये. जाणते लोक सांगून जातात, उत्तरं द्यायला थांबत नाहीत.) म्हणूनच प्रगत समाजात गटारालाही मानक असतं. मानक म्हणजे काय, तर घाण किती असावी याबद्दल घाण करणारे आणि घाण मोजणारे यांच्यात खेळीमेळीच्या वातावरणात ठरलेला आकडा. त्या आकड्याच्या आतली घाण ही घाण नसते, तिला 'अनुज्ञेय' म्हणतात. शब्द पटकन उच्चारता येत नाही, पण त्यामुळेच त्याच्याबद्दल आदर वाटतो.

या गोष्टीतल्या कारखान्यात बटणं होत असत. शर्टाची, कोटाची, उशीच्या अभ्र्याची. (माणसाची अब्रू कपड्यात आणि कपड्याची बटणात, तेव्हा हा उद्योग किती पायाभूत आहे ते वेगळं सांगायला नको.) बटण जन्मतः पांढरं असतं. त्याला रंग द्यावा लागतो आणि रंग दिल्यावर धुवावं लागतं. ते धुतलेलं पाणी शुद्ध करायला कारखान्याच्या मागच्या अंगाला तीन टाक्यांचं केंद्र बांधलेलं होतं. पहिल्या टाकीत पाणी जमायचं, दुसऱ्या टाकीत त्याला औषध द्यायचं आणि तिसऱ्या टाकीत ते आपल्या आयुष्याचा विचार करत पडून राहायचं, अशी योजना होती.

उद्घाटनाच्या दिवशी हे केंद्र फीत कापल्यापासून पाहुण्यांची शेवटची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत अखंड चाललं. पुढे असं लक्षात आलं की चालवल्यानं यंत्रांची झीज होते. झिजलेलं यंत्र पाणी नीट शुद्ध करत नाही. तेव्हा पाणी नीट शुद्ध व्हावं अशी ज्यांना कळकळ आहे त्यांनी यंत्र चालवू नये, हे ओघानंच आलं. मोटारींवर ताडपत्री चढली, टाक्यांभोवती फुलझाडं आली, आणि रंगाचं पाणी तिन्ही टाक्यांना अदबीनं वळसा घालून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जाऊ लागलं. नदी तिथून खाली शहराकडे जात होती. शहराला आणि कारखान्याच्या नळांनाही पाणी पुरवणारे पंपही त्याच खालच्या अंगाला होते. (नाला एका कार्यालयाच्या अखत्यारीत आणि पंप दुसऱ्या कार्यालयाच्या, त्यामुळे या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.)

या केंद्राचे प्रमुख म्हणजे मानकराव. कर्मचारी वर्गही तेच. त्यांचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण जो तो त्यांना आकडा विचारायला येई, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. रसायनशास्त्रातली मोठी पदवी, पायात स्वच्छ बूट, खिशाला दोन पेनं. नोकरीला लागल्यावर पहिले काही महिने त्यांनी टाक्या चालवायचा हट्ट धरला. मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला.

"मानकराव, तुम्ही पडलात शास्त्रज्ञ. पंप काय, कोणीही चालवील. तुम्ही आकड्याकडे बघा."

"साहेब, पंप चालला तर आकडा येईल ना."

"तेच म्हणतो मी. तुम्ही आकड्यापासून सुरुवात करा. पंपाचं बघू मागाहून."

चहा चांगला होता. मानकरावांनी आकड्यापासून सुरुवात केली.

अशात निचरा मानक कार्यालयानं कारखान्याच्या नाल्यावर एक यंत्र बसवलं. एक चकचकीत दांडी, तिला लांबलचक तार. दांडी पाण्यात बुडवली की पाव तासागणिक तिचा आकडा कार्यालयात जाई आणि शहरातल्या मुख्य चौकातल्या मोठ्या फलकावर झळके. शंभराच्या आत असला तर हिरवा, वर गेला तर तांबडा. बसवायच्या दिवशी कार्यालयप्रमुखांनी भाषणात सांगितलं, "यंत्र लाच खात नाही." हे अगदी खरं होतं. यंत्र लाच खात नाही, चहा घेत नाही, कोणाचा मेहुणा कुठे असतो ते विचारत नाही. त्याच्यात एकच उणीव आहे. ते ज्यात बुडवाल तेच मोजतं.

पहिले काही दिवस चौकात आठशे-नऊशेचा तांबडा आकडा दिसत राहिला. लोक चुकचुकले. काहींनी फोटो काढले. मोठे साहेब चहा पाजेनासे झाले.

जगातले मोठे शोध चुकून लागतात. यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की दांडी आठवड्यातून एकदा पुसावी आणि नंतर थोडा वेळ स्वच्छ पाण्यात ठेवावी. मानकरावांनी दांडी पुसली, उपाहारगृहाच्या नळावरून एक लाल बादली भरून आणली, शेडमध्ये ठेवली आणि दांडी तिच्यात बुडवली. तेवढ्यात फोन आला. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. मानकराव धावत सुटले. मुलगी झाली. त्या आनंदात तीन दिवस त्यांना दांडी आठवली नाही, नाला आठवला नाही, स्वतःचं जेवणसुद्धा बायकोच्या आईनं आठवण केली म्हणून झालं.

चौथ्या दिवशी ते धास्तावून कामावर आले, तर मोठे साहेब फाटकापर्यंत सामोरे आलेले. निचरा मानक कार्यालयाकडून अभिनंदन आलं होतं. तीन दिवस फलक हिरवागार होता.

"कसं जमवलंत?"

"साहेब, चूक झाली. दांडी बादलीतच राहिली."

मोठ्या साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांनी मानकरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू द्या," ते म्हणाले. आणि लेकीसाठी स्वतःच्या खिशातून एक खुळखुळा दिला.

अशा रीतीनं मानकरावांच्या घरी लेक आणि कारखान्यात बादली एकदमच आली. दोघींचं वय कायम सारखं राहिलं.

वाचकांना वाटेल, बादली भरली की काम संपलं. अज्ञानी लोकांना सगळंच सोपं वाटतं. आठवडाभरातच कार्यालयातून विचारणा झाली, "तुमचा आकडा फारच चांगला येतोय. यंत्र बिघडलं का?" एवढी शुद्धता संशयास्पद असते, हा व्यवहारातला नियम कार्यालयालाही ठाऊक होता. तेव्हा बादलीतल्या पाण्यात थोडी घाण हवी होती. फार नको, विश्वास बसेल इतकीच. मानकरावांच्या पदवीचा खरा उपयोग इथे झाला. त्यांनी चहाची पूड घालून पाहिली, आकडा उसळला. कुंडीतली माती घातली, ती तळाशी जाऊन बसली. बूट पुसायचं फडकं पिळलं, तर चौकात तांबडं होऊन रहदारी थांबली. शेवटी एका दुपारी जेवण झाल्यावर विचारांच्या नादात त्यांनी बादलीतच हात धुतले, आणि आकडा बासष्टवर येऊन असा स्थिरावला की जणू तिथेच जन्मला होता.

तेव्हापासून जेवणानंतर बादलीत हात धुणं ही मानकरावांची अधिकृत जबाबदारी झाली. रविवारी त्यांना सुटी असायची, तेव्हा हातही सुटीवर जायचे. कार्यालयानं विचारलं, "कारखाना रोज चालतो, मग घाण रविवारी कुठे जाते?" झालं. मानकराव रविवारीही हात धुवायला येऊ लागले. कारखान्यात त्यांची थट्टा व्हायची. मानकराव म्हणायचे, "वाहत्या गंगेत हात कोणीही धुतो. साचलेल्या बादलीत धुवायला शिक्षण लागतं." ते हसत हसत म्हणायचे, पण घरी जाऊन पुन्हा एकदा हात धुवायचे.

वर्षं गेली. कारखान्याला उत्कृष्ट निचऱ्याची ढाल मिळाली. ती मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये लागली. दुसऱ्या कारखान्यांचे लोक बादली पाहायला येऊ लागले, तिची उंची, घेर, रंग टिपून घेऊ लागले. आणि एक दिवस निचरा मानक कार्यालयाचे निरीक्षक स्वतः तपासणीला आले.

निरीक्षक सावकाश चालणारे गृहस्थ होते. नाल्यापाशी त्यांनी यंत्र पाहिलं. यंत्रातून निघालेली तार पाहिली. ती तार नाल्यात न उतरता भिंतीवरून पलीकडे जाते हे पाहिलं. तारेला बोट लावून ते भिंतीच्या कडेनं चालत गेले, फुलझाडं ओलांडली, शेडमध्ये शिरले, आणि लाल बादलीपुढे उभे राहिले. मानकराव मागोमाग येऊन दाराशी थांबले. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा त्यांना सुटल्यासारखंच जास्त वाटत होतं.

"हे काय?"

"बादली, साहेब."

निरीक्षक वाकले. बराच वेळ त्यांनी आत पाहिलं. "हिला झाकण नाही?"

"नाही, साहेब."

"असं कसं चालेल? उघड्यावर ठेवलीत, बाहेरची घाण पडेल, आकडा चुकेल." त्यांनी तिथेच तीन आक्षेप नोंदवले. झाकण नाही, 'हात लावू नये' अशी पाटी नाही, आणि बादली जमिनीपासून पुरेशा उंचीवर नाही. महिन्याभरात तिन्ही त्रुटी दूर करण्यात आल्या. (पाटीमुळे हात धुवायची पंचाईत झाली. तेव्हा पाटीखाली 'मानकराव वगळून' असं बारीक अक्षरात लिहिण्यात आलं.)

एका गोष्टीचं मात्र मानकरावांना मनातून समाधान होतं. सुरुवातीला बासष्ट आणायला कोपरापर्यंत हात बुडवावे लागत. दोन वर्षांनी मनगटापर्यंत पुरू लागले. मग नुसते तळवे. अलीकडे तर उजव्या हाताची दोन बोटं बुडवली की काम भागायचं. "हात बसला आता," ते अभिमानानं सांगत.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. लेक सहा वर्षांची झाली आणि तिचं पोट काही केल्या ठिकाणावर येईना. आज दुखतंय, उद्या उलटी, परवा शाळेला सुटी. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत पुरळ उठायचं, ती खाजवून खाजवून रक्त काढायची. डॉक्टरांनी तीनदा औषध बदललं आणि चौथ्यांदा म्हणाले, "पाणी बदला."

"कुठलं बदलू?" बायको घरी येऊन म्हणाली. "नळ एकच आहे आपल्याकडे."

"उकळून देत जा."

"उकळतेच आहे, अहो. दोन दोनदा उकळते. पातेल्याच्या कडेला निळं कडं धरतंय, बघा एकदा डोळ्यांनी."

"अगं, भांड्याचा दोष असेल. चौकातला आकडा हिरवा असतो रोज. मी स्वतः बघतो तो."

बायकोनं पातेलं ओट्यावर ठेवलं. तशी ती शांत स्वभावाची होती. "मग असं करा," ती म्हणाली, "त्या फलकाचं पाणी आणून द्या माझ्या लेकीला. हिरवं आहे ना? तेच पाजू."

मानकरावांनी पातेल्याची कड बोटानं पुसून पाहिली. बोलण्यासारखं होतं, पण ते बादलीबद्दल होतं.

त्या वर्षी मोरपिशी बटणांची लाट आली. ज्याच्या त्याच्या छातीवर मोरपिशी बटणं. कारखाना तिन्ही पाळ्यांत धुऊ लागला. त्यातच उन्हाळा कडक पडला आणि नदीची करंगळी झाली. आणि एका सकाळी, दहाच्या सुमारास, चौकातला फलक तांबडा झाला.

मोठे साहेब धापा टाकत शेडमध्ये आले. "मानकराव! काय घातलंत बादलीत?"

"काहीच नाही, साहेब. आज अजून बोटंही बुडवली नाहीत."

"काही घातलं नाही तर तांबडं कसं? ओता ते. दुसरं भरा."

मानकरावांनी बादली ओतली, घासली, नळावरून ताजं पाणी भरलं, दांडी पुसून बुडवली. एकशे चाळीस. त्यांनी पुन्हा ओतलं, पुन्हा भरलं. एकशे एक्केचाळीस. उंबरठ्यातल्या उजेडात त्यांनी बादली वाकडी करून पाहिली. लाल प्लास्टिकमुळे इतकी वर्षं कधी दिसलं नव्हतं, पण पाण्याला निळसर झाक होती, आणि ती झाक त्यांनी ओळखली. तीच पातेल्याच्या कडेला होती.

ते तिथेच पालथ्या पेटीवर बसले. हिशेब अवघड नव्हता. कोपर, मनगट, तळवे, दोन बोटं. त्यांचा हात बसला नव्हता, नळ बिघडत चालला होता. दरवर्षी पाणीच इतकं घाण होत आलं होतं की त्यांच्या हातांची गरज कमी कमी होत गेली. आणि आज शहराचं पिण्याचं पाणी अशा पायरीला आलं होतं की ते गटाराच्या मानकातसुद्धा बसत नव्हतं. त्याच सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं लेकीची शाळेची बाटली नळाखाली धरून भरली होती. बाटलीवर ससा होता.

नियमाप्रमाणे तांबडा आकडा सलग राहिला की कारखाना बंद करावा लागतो. निरीक्षक बंदचा आदेश घेऊन दुपारीच आले. केबिनमध्ये मोठे साहेब, निरीक्षक आणि मानकराव असे तिघं बसले. चहा आला. मोठे साहेब मानकरावांकडे असे पाहत होते की जणू अजून एक शोध तातडीनं लागायला हवा होता. मानकरावांनी मान खाली घातली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा खरं बोलले.

"साहेब, ते आमचं सांडपाणी नाही. ते नळाचं पाणी आहे. आमचं सांडपाणी त्या बादलीत कधीच नव्हतं."

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे हे पिण्याचं पाणी?"

"हो, साहेब."

निरीक्षकांचा चेहरा खुलला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! उगाच कारखाना बंद करायला निघालो होतो. पिण्याच्या पाण्याला सांडपाण्याचं मानक लागूच होत नाही." त्यांनी आदेशाच्या चार घड्या घालून तो खिशात टाकला.

"पण साहेब, ते सांडपाण्याच्याही वर गेलंय."

"लागूच नाही तर वर जाईल कसं?"

"साहेब, लेकरं पितात ते. माझी पिते."

"तो विषय पाणीपुरवठ्याचा. तिकडे जा." निरीक्षकांनी उरलेला चहा संपवला आणि झाकण, पाटी व उंची तशीच आहे ना, एवढं पाहून ते निघून गेले.

मानकराव पाणीपुरवठा कार्यालयात गेले. तिथेही एक दांडी होती, तिलाही तार होती. ती मुख्य अभियंत्यांच्या टेबलावर, विकतच्या पाण्यानं भरलेल्या काचेच्या बरणीत उभी होती. शेजारी शोभेला एक फूल ठेवलेलं होतं.

"नळाच्या पाण्यात का नाही ठेवत?" मानकरावांनी विचारलं.

"ठेवली होती हो," अभियंते हळहळून म्हणाले, "पण खराब झाली ती. महागाची वस्तू आहे."

इकडे कारखान्यानं आपली जबाबदारी ओळखली. नळाचा भरवसा उरला नसल्यानं बादलीसाठी रोज विकतच्या शुद्ध पाण्याचा एक मोठा कॅन येऊ लागला. फलक हिरवा झाला. शहर सुखावलं. कॅनमधलं निम्मं पाणी बादलीला लागे, निम्मं उरे. उरलेलं नाल्यात ओतावं असा आदेश होता. (कारखान्याच्या इतिहासात नाल्यात शुद्ध पाणी सोडण्याची ही पहिलीच वेळ. तिची नोंद घेतली गेली नाही.)

मानकरावांनी दोन दिवस ओतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते लेकीची सशाची बाटली पिशवीतून घेऊन आले, आणि संध्याकाळी भरून घरी नेली. मग रोजच. सोबत एक मोठी बाटलीही. पंधरा दिवसांत पोट ठिकाणावर आलं. महिन्याभरात कोपराची खोबण कोरडी झाली. एके सकाळी लेक शाळेत जाताना पायऱ्या दोन दोन करत उतरली आणि बायको दारात उभी राहून बघत राहिली.

"कुठून आणता हो हे पाणी?"

"फलकाचं आहे," मानकराव म्हणाले. "तूच म्हणाली होतीस."

बायको हसली, आणि हसता हसताच तिनं पदरानं डोळे पुसले.

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी असतो आणि त्याला बाहेर जाणाऱ्या पिशव्या तपासण्याचा आदेश असतो. तो बटणांसाठी असतो. पहारेकऱ्याला बटणं सापडली नाहीत, सशाची बाटली सापडली. त्यानं विचारलं, "यात काय?" मानकरावांना खोटं बोलायची सवय होती ती फक्त दांडीमार्फत. ते म्हणाले, "बादलीचं पाणी."

चौकशी बसली. मोठ्या साहेबांची बाजू कायद्याला धरून होती. बादलीसाठी आणलेलं पाणी फाटकातून आत आलं की ते कागदोपत्री सांडपाणी होतं. सांडपाणी परवान्याशिवाय कारखान्याबाहेर सोडणं हा गंभीर गुन्हा. कारखाना अशी गोष्ट कदापि खपवून घेणार नाही. निरीक्षकांना तर भरून आलं. साऱ्या नोकरीत त्यांना सांडपाणी बाहेर सोडणारा आरोपी एकदाही हाती लागला नव्हता, आणि इथे तो बाटलीसकट समोर उभा होता. आरोपपत्र असं होतं:

सोडलेला पदार्थ: औद्योगिक सांडपाणी, एक बाटली (सशाचे चित्र असलेली) व एक मोठी बाटली.
सोडण्याची वारंवारता: दररोज.
प्रक्रिया: कोणतीही नाही.
विल्हेवाटीचे ठिकाण: आरोपीच्या मुलीचे पोट.
पर्यावरणावर झालेला परिणाम: मुलगी बरी झाली. (हा परिणाम मानकात नमूद नसल्याने ग्राह्य धरण्यात आला नाही.)

"तुम्हांला काही सांगायचंय?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

मानकराव उभे राहिले. सहा वर्षं त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. नाला, तार, भिंत, नळ, सगळं ओठांवर आलं होतं. पण ते सगळं या लोकांना त्यांच्याइतकंच माहीत होतं, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आलं. "बाटली तेवढी परत द्या," ते म्हणाले. "लेक रोज विचारते."

बाटली देता आली नाही. ती मुद्देमाल होती. ती निचरा मानक कार्यालयाच्या काचेच्या कपाटात, 'बेकायदा विसर्गाविरुद्ध यशस्वी कारवाई' या पाटीखाली ठेवण्यात आली. पाहुण्यांना ती आवर्जून दाखवतात. मानकरावांना कामावरून कमी केलं. ते बायको-मुलीला घेऊन बायकोच्या माहेरी गेले. माहेर नदीच्या वरच्या अंगाला आहे, तिथलं पाणी अजून पाण्याच्या रंगाचं आहे. लेक तिथे शाळेत जाते. मानकराव शाळेतच रसायन शिकवतात, आणि जेवण झाल्यावर हात धुताना पाणी जमिनीवर सोडतात, भांड्यात नाही. (त्या गावालगत एक उद्योग येणार अशी बोलवा आहे. बहुधा काजांचा. बटणं झाली, आता काजं लागणारच.)

राहता राहिली बादली. मानकराव गेले त्या दिवसापासून आकडा शून्याकडे घसरला आणि कार्यालयातून विचारणा सुरू झाली. विकतच्या पाण्याला हात हवे होते. रंगखात्यातल्या कामगारांचे हात बुडवून पाहिले, पाणी लागलीच मोरपिशी झालं. मोठ्या साहेबांनी स्वतः बाह्या सरसावल्या, तर यंत्र दुरुस्तीला पाठवावं लागलं. निरीक्षकांच्या हातांचाही तोच अनुभव. पहारेकऱ्याचे हात फारच स्वच्छ निघाले, आकडा हलेचना.

बऱ्याच प्रयोगांनंतर तज्ज्ञ समितीनं निष्कर्ष काढला की मानकात बसायला मानकरावांसारखेच हात लागतात. म्हणजे सुशिक्षित. सुस्वभावी. स्वतः कोणाचं वाईट न केलेले. दांडी कशात आहे हे पक्कं ठाऊक असलेले, त्याबद्दल मनातून हळहळणारे, आणि संध्याकाळी हिरवा आकडा पाहून घरी जाणारे. अशा हातांवरची घाण मोजून पाहिली तर ती नेमकी अनुज्ञेय भरते, ना जास्त ना कमी.

असे हात शोधायला समितीला लांब जावं लागलं नाही. जाहिरातही द्यावी लागली नाही. तुम्ही इथपर्यंत वाचत आलात. बादलीचं तुम्हांला सुरुवातीपासून माहीत आहे, झाकणाच्या जागी तुम्ही हसलात, सशाच्या बाटलीपाशी तुम्हांला वाईट वाटलं, आणि आता हे मिटवून तुम्ही पाणी प्यायला उठणार आहात. पात्रता पूर्ण झाली आहे. बाहीचं बटण काढा, बाही वर सरकवा. (मोरपिशी आहे का पाहा. आमच्याकडचंच असेल.) साबण आणू नये, तो आकडा बिघडवतो.